कळसुबाईवर काठी बोलू लागली: विजांच्या वादळातले विचित्र अनुभव

बारीची_वाट (धागाकर्ता)

गेल्या रविवारी कळसुबाईच्या माथ्यावर जे अनुभवलं ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय. जाणकारांनी समजावून सांगावं.

आम्ही पाच जण. पहाटे चढायचं ठरलं होतं, पण घोटीजवळ गाडी पंक्चर झाली आणि बारी गाव सोडेपर्यंत अकरा वाजले. मे महिन्याचा शेवट, अंगाची नुसती लाही होत होती. तेव्हाच परत फिरायला हवं होतं. माथ्यावर पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते आणि भंडारदऱ्याच्या बाजूला ढगाचा काळा मनोरा उभा राहिला होता. गडगडाट लांबचा वाटत होता. पावसाचा थेंब नाही. म्हटलं, देवीचं दर्शन घेऊ, पाच मिनिटं बसू आणि उतरू.

वारा एकदम पडला. मग आवाज सुरू झाला. आधी वाटलं, जवळपास आग्या मोहोळ उठलंय. सगळे माना वळवून बघत होतो आणि लक्षात आलं की आवाज माझ्या हातातल्या काठीतून येतोय. ट्रेकिंगची अॅल्युमिनियमची काठी. ती वर धरली की गुणगुण वाढायची, खाली केली की उतरायची. बरोबरच्या मैत्रिणीच्या वेणीतून सुटलेले केस सरळ वर उभे राहिले होते. माझ्या कपाळाला कोळिष्टक चिकटल्यासारखं होत होतं, पुसलं तरी जाईना. एकाने कठड्याला हात लावला आणि झटका बसून मागे सरला.

तेवढ्यात ढग अंगावर आला, अंधारलं, आणि कठड्याच्या टोकांवर निळसर जांभळा उजेड दिसला. उदबत्तीच्या टोकाएवढा. हलत नव्हता, धूर नव्हता. सगळ्यात विचित्र म्हणजे लांब कुठेतरी वीज चमकली की गुणगुण एका क्षणात बंद व्हायची आणि पाच-सात सेकंदांत परत हळूहळू चढायची. कोणीतरी बटण दाबतंय असं वाटत होतं.

आमच्यातल्या एकाने व्हिडिओ काढायला मोबाइल वर धरला. वाटेवर ताक विकणाऱ्या बारीच्या एक मावशी सामान आवरून निघाल्या होत्या. त्या जिवाच्या आकांताने ओरडल्या, "काठी टाक ती! बघत काय राहिलाय, पळा खाली!" आम्ही पळालो. शिडीवर त्यांनी एका वेळी एकालाच सोडलं. शिडी संपवून थोडं खाली आलो असू, तेव्हा वर माथ्यावर वीज पडली. उजेड आणि आवाज यांच्यात फट नव्हतीच. कानात बराच वेळ नुसती शिट्टी वाजत होती.

कोणालाही काही झालं नाही. मावशींचे पाय धरले.

तो निळा उजेड काय होता? आणि वीज चमकल्यावर आवाज थांबायचा तो का?

---

मृगाचा_किडा

वाचतानाच काटा आला अंगावर. सुखरूप आलात हे महत्त्वाचं. वाचतोय.

---

वायरमनकाका

तुम्ही फार थोडक्यात वाचलात. मी वीज खात्यात ३४ वर्षं काढली, त्यातली बरीचशी उपकेंद्रात. समजलं तेवढं सांगतो.

निरभ्र दिवशीसुद्धा जमिनीजवळच्या हवेत दर मीटरला साधारण १०० व्होल्टचा फरक असतो. आपल्याला कळत नाही, कारण हवेतून जवळपास काहीच प्रवाह वाहत नाही. गडगडाटी ढग डोक्यावर आला की हाच आकडा दर मीटरला १०,००० व्होल्टच्या घरात किंवा त्याच्याही वर जातो. ढगाच्या पोटाशी बहुधा ऋणभार साठलेला असतो, त्याच्या ओढीने खाली जमिनीत धनभार गोळा होतो. डोंगराच्या शिखरावर तो जास्त, आणि शिखरावरच्या टोकदार वस्तूवर त्याहून जास्त. काठीचं टोक, कठड्याचा खांब, केस. हवेचं इन्सुलेशन फुटायला मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट लागतात. अख्ख्या मोकळ्या हवेत एवढा दाब (विजेचा, म्हणजे व्होल्टचा) नसतो, पण टोकाच्या अगदी लगत, काही मिलिमीटरमध्ये, तो तयार होतो. तिथली हवा फुटते आणि भार झिरपू लागतो. नायट्रोजनचे रेणू त्यात निळा-जांभळा उजेड देतात. आम्ही याला कोरोना म्हणतो (साथीच्या कितीतरी आधीपासून). पावसाळी रात्री ४०० केव्हीच्या लाइनखाली उभं राहिलात तर अशीच चुरचुर ऐकू येईल.

आता आवाज का थांबायचा. वीज चमकली की ढगातला बराच भार एका झटक्यात मोकळा होतो. दाब कोसळतो, म्हणून टोकावरची गळती बंद. ढगातली उलथापालथ चालूच असते, त्यामुळे काही सेकंदांत दाब पुन्हा चढतो. तुमच्या हातात त्या वेळी काठी नव्हती, ढगाचा मीटर होता.

आणि वीज पडते ती फक्त वरून येत नाही. ढगातून एक वाट सुमारे ५०-५० मीटरच्या टप्प्यांनी खाली उतरते. ती जवळ आली की खालच्या टोकांवरून तिला भेटायला ठिणग्या वर निघतात. जिची गाठ पडली, तिथे वीज पडली. तुमच्या काठीची त्या शर्यतीत उतरायची तयारी चालली होती. मावशींना हे गणित कोणी शिकवलं नसेल, पण त्या बरोबर बोलल्या.

---

दर्यावर्दी

काकांनी छान समजावलंय. आम्हा जहाजवाल्यांकडे याला सेंट एल्मोची आग म्हणतात. एल्मो म्हणजे संत इरॅस्मस, भूमध्य समुद्रावरच्या खलाशांचा रक्षणकर्ता. शिडांच्या जहाजांवर डोलकाठीच्या टोकाला हा उजेड दिसला की खलाशी हात जोडायचे.

मी मलाक्काच्या सामुद्रधुनीत एकदाच पाहिला, रात्रपाळीत. ब्रिजवरच्या (जहाज चालवायच्या खोलीवरच्या) अँटेनांच्या टोकांवर जांभळे तुरे. रडारवर पावसाचा मोठा पट्टा दिसत होता. आमचे कप्तान कारवारचे होते. त्यांनी आधी डेकवरच्या सगळ्या पोरांना आत बोलावलं आणि मग आम्हाला म्हणाले, आता काचेमागून खुशाल बघा. तो क्रम मी विसरलो नाही.

एक भर. यासाठी गडगडाटी ढगच लागतो असं नाही. जून १९८२ मध्ये जावाच्या दक्षिणेला ब्रिटिश एअरवेजच्या विमानाच्या पुढच्या काचेवर हाच उजेड नाचत होता. वैमानिकांच्या रडारवर ढग दिसत नव्हता. ती गालुंगगुंग ज्वालामुखीची राख होती. राखेचे कण काचेवर घासून भार तयार होत होता. पुढे चारही इंजिनं बंद पडली, मग राखेबाहेर आल्यावर पुन्हा सुरू झाली आणि विमान जकार्तात उतरलं.

---

शेतशिवार_लातूर

तुमच्याकडं आवाज तरी झाला. आमच्याकडं तेवढीही सूचना मिळत नाही.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलात अवकाळी आलं. बांधावरच्या लिंबाखाली दोन बैल आणि एक गाभण गाय बांधलेली. माझा भाऊ त्याच झाडापासून पंधरा-वीस पावलांवर, कडब्याच्या गंजीवर ताडपत्री ओढत होता. वीज झाडावर पडली. तिन्ही जनावरं जागच्या जागी गेली. अंगावर भाजल्याची खूण नाही. भाऊ खाली पडला. शुद्धीवर होता, पण कमरेखाली पाय नाहीतच म्हणायचा. निळेजांभळे, गार पडले होते. तासाभरात आपोआप हलायला लागले. गावात कोणी म्हणालं भाऊ पायाळू आहे म्हणून वीज आली, कोणी म्हणालं गाईच्या पुण्याईनं तो वाचला. आईनं त्यावरून स्वतःला फार त्रास करून घेतला, कारण तो खरंच पायाळू जन्मला होता.

जनावरं मेली आणि माणूस वाचला, हे कसं? कोणी सांगितलं तर आईला वाचून दाखवीन.

---

वायरमनकाका

दादा, आईंना आधी हे सांगा की मूल डोक्याकडून जन्मलं की पायाकडून, हे विजेला कळायचा काही मार्ग नाही. वीज झाडासाठी आली. शिवारात तेच उंच होतं.

झाडावरून जमिनीत उतरलेला प्रवाह चारी बाजूंनी पसरतो. खोडापाशी दाब प्रचंड, दूर जावं तसा कमी. तुमचा एक पाय जास्त दाबाच्या जागी आणि दुसरा कमी दाबाच्या जागी असेल तर फरकाएवढा व्होल्टेज दोन पायांमध्ये येतो. आम्ही त्याला स्टेप व्होल्टेज म्हणतो. तुटलेल्या तारेजवळ लांब ढांगा टाकू नका म्हणतात ते त्यासाठीच. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय दीड मीटरभर लांब, आणि प्रवाहाच्या वाटेत नेमकं काळीज. माणसाची दोन पावलं जवळ, प्रवाह एका पायाने चढून दुसऱ्याने उतरतो, छातीपर्यंत फारसा जात नाही. शिवाय भाऊ लांब होते.

ऑगस्ट २०१६ मध्ये नॉर्वेच्या हार्डांगरविड्डा पठारावर एका वादळात ३२३ रेनडियर एका ठिकाणी मेलेले सापडले. वादळात कळप एकमेकांना बिलगून उभा राहतो. प्रत्येकावर वेगळी वीज पडली नाही, जमिनीने मारलं.

म्हणून पाऊस येताना जनावरं झाडाखाली बांधू नयेत. वेळ नसेल तर दावं सोडून द्यावं.

---

गावडॉक्टर

भावाचे पाय गेले होते त्याला केरोनोपॅरालिसिस म्हणतात. विजेच्या धक्क्याने रक्तवाहिन्या आवळतात, पाय गार आणि निळे पडतात, ताकद जाते. बहुतेकदा काही तासांत परत येते. तरी दवाखान्यात न्यायलाच हवं, हृदयाचा आलेख काढायला हवा.

दुसरी एक गोष्ट फार पोटतिडकीने सांगावीशी वाटते, कारण मी ती डोळ्यांसमोर घडताना पाहिली आहे. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर आपल्यालाही करंट बसेल, असं लोकांना वाटतं. घोळका करून उभे राहतात, कोणी पुढे होत नाही. अंगात वीज साठून राहत नाही हो. लगेच हात लावा. श्वास आणि नाडी लागत नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा, कोणीतरी १०८ ला फोन लावा. विजेने हृदय थांबतं ते पुष्कळदा पुन्हा स्वतःहून सुरू होतं, पण श्वासाचं केंद्र जास्त वेळ बधिर राहतं. तेवढ्या वेळात तोंडाने श्वास देणारं कोणी असेल तर माणूस वाचू शकतो.

चार-पाच जण पडले असतील तर नेहमीचा नियम उलटा करायचा. कण्हणारे बहुधा जगतात. जो गप्प पडलाय, मेल्यासारखा दिसतोय, त्याच्याकडे आधी जायचं.

काही जणांच्या पाठीवर, खांद्यावर नेच्याच्या पानासारखी लालसर नक्षी उमटते. ती भाजल्याची खूण नव्हे. एक-दोन दिवसांत जाते. देवीचा कोप वगैरे समजून घाबरू नये.

---

शेतशिवार_लातूर

डॉक्टरसाहेब, काका, दोघांचंही आईला वाचून दाखवलं. काही बोलली नाही. परत एकदा वाच म्हणाली.

---

माजघर

मी मूळची राजापूर तालुक्यातली. एक घटना विचारायची आहे, बरीच वर्षं मनात आहे.

१९८१ किंवा ८२. मी पाच-सहा वर्षांची. हस्ताचा पाऊस, संध्याकाळची वेळ. आजीने काशाची भांडी आत ठेवून दिली होती आणि ती अर्जुनाची दहा नावं म्हणत होती. घरात आजी, आई, मी आणि मोठा भाऊ. मोठा कडाका झाला आणि पडवीच्या खिडकीतून एक उजेडाचा गोळा आत आला. नारळाएवढा. जमिनीपासून कमरेच्या उंचीवर. तो तरंगत माजघराच्या दारापर्यंत आला आणि फट् करून फुटला. शेणाने सारवलेल्या जमिनीवर ताटलीएवढा काळा डाग पडला होता. आजी जाईपर्यंत तो गोळा म्हणजे घरचा राखणदार होता असं म्हणायची.

आई आणि भाऊही हेच सांगतात. बाहेर कोणाला सांगितलं की हसतात. म्हणून सांगणं सोडलं होतं. धागाकर्त्याचं वाचलं आणि लिहावंसं वाटलं.

---

साशंक

माजघर, मी हसणार नाही. पण दुसरी बाजू मांडतो.

२०१० मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक विद्यापीठातल्या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी एक हिशेब मांडला. मेंदूच्या तपासणीत डोक्याजवळ चुंबकीय स्पंद देतात तेव्हा लोकांना डोळ्यांपुढे उजेडाचे ठिपके दिसतात, डोळे मिटलेले असले तरी. जवळ पडलेल्या आणि सेकंद-दोन सेकंद पुन्हा पुन्हा लखलखणाऱ्या विजेचं चुंबकीय क्षेत्रही तेवढा परिणाम करू शकतं. म्हणजे गोळा डोळ्यांनी नव्हे, थेट मेंदूत दिसतो. शिवाय लखलखाटाने डोळे दिपले की नंतर बराच वेळ एक ठिपका नजरेबरोबर फिरत राहतो.

लहानपणची आठवण, त्यात घरात वारंवार सांगितलेली. तपशील हळूहळू एकसारखे होत जातात. यात कोणी खोटं बोलतंय असं म्हणायचं नाही.

---

दर्यावर्दी

साशंक, सगळेच गोळे मेंदूत कसे घालणार?

मार्च १९६३ मध्ये न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला रात्री निघालेल्या विमानात रॉजर जेनिसन बसले होते. ते स्वतः इलेक्ट्रॉनिक्सचे प्राध्यापक. विमानावर वीज आदळली आणि काही सेकंदांत वैमानिकांच्या खोलीकडून सुमारे २२ सेंटिमीटरचा निळसर गोळा आला आणि मधल्या वाटेने त्यांच्या जवळून मागे गेला. त्यांनी ते १९६९ मध्ये 'नेचर'मध्ये लिहिलं.

त्याहून पक्कं म्हणजे चीनमधलं. जुलै २०१२ मध्ये छिंगहाईच्या पठारावर शास्त्रज्ञ साध्या विजांचा वर्णपट (उजेडातले रंग वेगळे करून दाखवणारा पट्टा) टिपायला कॅमेरे लावून बसले होते. सुमारे ९०० मीटरवर वीज पडली आणि जमिनीवरून एक गोळा उठला. त्याच्या उजेडात सिलिकॉन, लोह आणि कॅल्शियमच्या रेषा मिळाल्या, म्हणजे मातीतलीच मूलद्रव्यं. २०१४ मध्ये ते छापून आलं. कॅमेऱ्याला भास होत नाही.

---

साशंक

चीनचं मान्य. पण तो मोकळ्या माळावरचा, काही मीटर व्यासाचा. खिडकीतून आत येऊन तरंगणारा नारळाएवढा गोळा ही वेगळी गोष्ट आहे. माझी अडचण भासाची नाही, काळ्या डागाची आहे. भासाने सारवण जळत नाही. तो डाग माझ्या म्हणण्यात बसत नाही, हे कबूल करतो.

---

वायरमनकाका

माजघर ताई, दोन प्रश्न. तेव्हा घरात लाइट आली होती का? आणि त्या खिडकीजवळ काही होतं का? तार, पाइप, काहीही.

---

बारीची_वाट

मधेच विचारतो. घरात असताना काय काळजी घ्यायची? आमच्या सोसायटीत परवा तीन टीव्ही आणि लिफ्टचं कार्ड गेलं. वीज मात्र इमारतीवर पडलीच नव्हती.

---

वायरमनकाका

इमारतीवर पडायची गरज नाही. किलोमीटरभर लांब लाइनवर पडली तरी तारेतून लाट येते. केबलच्या तारेतून येते, इंटरनेटच्या तारेतून येते. एमसीबी (मीटरपाशी आपोआप पडणारा खटका) पडते तिला काही हजारांश सेकंद लागतात. लाट लक्षांश सेकंदांत काम करून जाते. म्हणून पिना काढून ठेवायच्या, आणि त्या ढग लांब असतानाच. डोक्यावर कडाडत असताना प्लगला हात घालू नका. लोखंडी नळाखाली आंघोळ, भांडी घासणं, तेही तेवढा वेळ नको. जुन्या लँडलाइनची घंटी वादळात नुसती 'टिंग' करायची, ती याच लाटेने. तेव्हा आम्ही पोरांना सांगायचो, रिसीव्हर उचलू नका.

मोबाइल वीज ओढतो हे मात्र खरं नाही. त्याला तार नाही. कळसुबाईवर मोबाइलवाल्याचा दोष हात उंच करण्यात होता आणि थांबण्यात.

उजेड दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा, तीनाने भागा, तितके किलोमीटर. तीसच्या आत आलं की वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हाच घरात किंवा पत्र्याचं छत असलेल्या बंद गाडीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अॅप आहे, ते आसपास कुठे विजा पडताहेत ते दाखवतं. डोंगरावर रेंज नसते, म्हणून चढायच्या आधी बघायचं. शिखरावर अडकलातच तर विखुरून उतरा. उतरायला वाटच नसेल तर दोन्ही पावलं जोडून उकिडवं बसा. आडवं पडू नका, स्टेप व्होल्टेजचं वर लिहिलंच आहे. गुणगुण ऐकू आली म्हणजे हे सगळं करायची वेळ जवळजवळ संपलेली असते.

---

माजघर

काका, आईला फोन केला. ती ८३ वर्षांची आहे, पण हे लख्ख आठवतं तिला.

लाइट नव्हती. दोन वर्षांनी आली. पण खिडकीत तार होती! बाबांनी मुंबईहून रेडिओ आणला होता, त्याची तांब्याच्या जाळीची एरियल कौलांवर दोन बांबूंना बांधलेली. तिची तार त्या खिडकीतून आत कोनाड्यातल्या रेडिओपर्यंत यायची. आई म्हणाली, "रेडिओ तर गेलाच, पण दुसऱ्या दिवशी तारही नव्हती. भिंतीवर नुसती काळी रेघ."

हे मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

---

वायरमनकाका

अंगावर शहारा आला बघा. तार वितळली नाही, तिची वाफ झाली. बारीक तांब्याच्या तारेतून एवढा प्रवाह गेला की ती क्षणात उडून जाते आणि भिंतीवर काजळीची रेघ सोडते. आईंना आणखी एक विचारा. आपण काही सुचवू नका, फक्त विचारा: रंग कसा होता?

---

साशंक

आणि किती वेळ होता तेही विचारा, कृपया. धातूची तापलेली वाफ सेकंदभरसुद्धा उजेड धरून राहणं कठीण.

---

माजघर

विचारलं. काही न सुचवता.

आई म्हणाली, "मध्ये हळकुंडासारखा पिवळा, आणि कडेला हिरवट. पोपटी नव्हे, मोरचुदासारखा." वेळेचं विचारल्यावर म्हणाली, "सासूबाईंची चार नावं म्हणून झाली."

मी घड्याळ लावून म्हणून पाहिली. सावकाश म्हटली तर पाच सेकंद.

---

वायरमनकाका

हिरवा म्हणजे तांबं. तांब्याच्या ज्वाळेचा तोच रंग.

पाच सेकंदांचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. साशंक बरोबर विचारताहेत.

---

साशंक

मी माझा भासाचा मुद्दा या घटनेपुरता मागे घेतो. ती रेघ अजून आहे का?

---

माजघर

घर आहे, चुलतभाऊ राहतो. पडवीला दरवर्षी चुना लागतो, पण खिडकीच्या आतल्या कोनाड्यावर बाबांनी तेव्हाच फळी ठोकली होती, ती कोणी काढलेली नाही. दादा गणपतीला जाणार आहे. फळी काढून बघायला सांगितलंय.